अल्फा-सिन्युक्लीन हाताळणाऱ्या लेकीस

कोल्हापूर

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

अल्फा-सिन्युक्लीनवर, म्हणजे कंपवातात मेंदूच्या पेशींत ज्याच्या गुठळ्या होतात त्या प्रथिनावर, काम मिळाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. मंगळवार पेठेत कुणाचा हात थरथरायला लागला की घरचे विचारतात, "कंपवाताला औषध आहे ना?" लेव्होडोपा या औषधानं हालचाल सुधारते, पण मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबत नाहीत. म्हणून या कामाचं मोल मोठं.

प्रथिन तसं लहान, १४० अमिनो आम्लांचं. ५३व्या जागी अ‍ॅलानीनऐवजी थ्रिओनीन आलं की कंपवात घराण्यात उतरतो, हे १९९७ साली कळलं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २००३ ची नोंद. त्या घराण्यात प्रथिनाची घडण निर्दोष होती, पण एका गुणसूत्रावर त्याचं जनुक तीनदा आलं होतं. निव्वळ जादा झालं तरी रोग होतो!

आता कामाचं. फ्रीजरमधलं शुद्ध प्रथिन थेट प्रयोगाला लावू नकोस. त्यात आधीच जमलेल्या गुठळ्यांचे बारीक तुकडे असतात आणि ते विरजणासारखं काम करतात. एवढ्याशानं सगळा द्रव लवकर जमतो आणि तुझा आलेख खोटा पडतो. आधी १०० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळ. सुटे रेणू खाली उतरतात, गुठळ्या वर राहतात. गाळल्यावर मात्रा पुन्हा मोज. २८० नॅनोमीटरला आकडा कमी येईल, घाबरू नकोस. यात ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसीन चारच. प्रकाश शोषण्याचा गुणांक ५९६० धर, म्हणजे १ मिग्रॅ/मिलीला शोषण ०.४१ च्या आसपास. मग एका वेळेपुरतं छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांना ठेव. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

तंतू, म्हणजे या प्रथिनाच्या गुठळ्यांचे लांब धागे, करायला ५ मिग्रॅ/मिली, ३७ अंश, मिनिटाला १००० फेऱ्यांनी हलवत, साधारण ७ दिवस. द्रव गढूळ दिसला एवढ्यावर जाऊ नकोस. थायोफ्लेविन-टी हा तंतूंना चिकटून चमकणारा रंग घालून ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशानं उत्तेजित कर, ४८२ ला चमक बघ, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली खात्री कर. प्रयोगाच्या ताटलीतल्या शेजारशेजारच्या खळग्यांतही गुठळी व्हायची वेळ मागेपुढे होते, कारण गुठळी बांधायला बऱ्याचदा हवा-पाण्याच्या पृष्ठभागावर सुरुवात होते. म्हणून प्रत्येक खळग्यात द्रव आणि ढवळायचे मणी अगदी सारखे घाल.

स्पिरिटनं पुसून हे तंतू जात नाहीत. टेबल, सेंट्रिफ्यूजचा रोटर, पिपेट १ टक्का एसडीएस या साबणासारख्या द्रावणानं धू. सोनिकेटरनं, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रानं, तंतू तोडताना तुषार उडतात. नळीचं झाकण घट्ट लाव, काम हूडमध्येच, म्हणजे हवा गाळणाऱ्या बंदिस्त कपाटातच, कर. तंतूंची पिपेटं सुट्या रेणूंकडे कधीच नेऊ नकोस.

तुझे बाबा