चाक कानाशी धरून हलव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, डोंगरातल्या सायकल शर्यतींच्या सीझनला आठ आठवडे राहिलेत, रोज किती किलोमीटर मारू?" तेव्हा मी काहीतरी पुटपुटले. एक तर हात ग्रीसने माखलेले होते, आणि उत्तर फोनवर मावणारं नव्हतं. आता निवांत लिहिते. किलोमीटरची काळजी तू करू नकोस. मागच्या वर्षी चढावर मला सोडून गेलास आणि वर पोचून जांभया देत माझी वाट बघत बसलास, ते मी विसरलेले नाही. तुझे पाय तयार आहेत. तयार नाहीत ते तुझे हात आणि तुझी सायकल.

माझा अधिकार काय, तो तुला ठाऊकच आहे. सहा वर्षं हौसेने शर्यती केल्या, पोडियमवर एकदाच चढले. तेही आमच्या वयोगटात चौघीच होत्या आणि त्यातल्या एकीची चेन तुटली म्हणून. पण मागे राहणाऱ्याला पुढच्या सगळ्यांच्या चुका दिसतात, आणि स्वतःच्या तर फारच जवळून दिसतात.

रस्त्यावरच्या शर्यतींत मी एकच गोष्ट नीट शिकले, घोळक्यात लपायला. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि आपली चांगली तिसरा हिस्सा मेहनत वाचते. एकदा मात्र पाणी प्यायला बाटली काढली, मान वर केली तर समोर वीस मीटर मोकळा रस्ता. ते वीस मीटर काही भरून निघाले नाहीत. उरलेली चाळीस मिनिटं एकटी वाऱ्याशी भांडत आले. डोंगरातल्या शर्यतीत ही लपाछपी जवळजवळ नाहीच. वेग कमी, वाट वाकडी, ज्याचा त्याने आपला भार वाहायचा. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. म्हणून पहिल्या शर्यतीत शहाण्यासारखी मागून, शांतपणे सुटले. दोन मिनिटांत वाट एका सायकलीपुरती अरुंद झाली, पुढे मुळं वर आलेला चढ होता, तिथे कुणीतरी पाय टेकला आणि मागे रांग लागली. चक्क रांग! माझे पाय ताजे, नाडी शांत आणि मी सायकल धरून उभी. नंतर जोर लावून उपयोग नव्हता, कारण पुढे जायला जागाच नव्हती.

तेव्हा आठवड्यातून एक दिवस सुरुवातीचा सराव कर. अंग चांगलं गरम झालं की थांब. एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर. तिथून तीस सेकंद जीव खाऊन, आणि लगेच बसून न राहता पुढची दोन मिनिटं धाप लागलेली असतानाच जोरात. मग पूर्ण विश्रांती. असं पाच वेळा. कठीण आहे ते तीस सेकंदांनंतरचं, जेव्हा पाय भरून आलेले असतात आणि तेव्हाच पहिलं वळण येतं. दुसऱ्या दिवशी हलकी फेरी किंवा काहीच नको. तू विश्रांतीला आळस म्हणतोस, म्हणून हे दोनदा वाच.

आता ब्रेक. रस्त्यावरून आलेल्या प्रत्येकाची खोड म्हणजे वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबणं. माझ्या कोपरावरचा वण त्याचाच आहे. डावं वळण, वर सुटी खडी, मी पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक खालून कुणी ओढून घ्यावं तसं गेलं. वेग कमी करायचा तो सरळ वाटेवर. वळणात बोट सैल, बाहेरचा पाय खाली, नजर वळण जिथे संपतं तिथे. मोकळ्या जागेत एक बाटली ठेव आणि तिच्याभोवती अर्धा अर्धा तास हेच कर. कंटाळवाणं आहे, पण मला एका महिन्यात जेवढा वेळ याने वाचवून दिला तेवढा वर्षभराच्या घामाने दिला नव्हता. आणि ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडलवर.

ब्रेकवरून आठवलं. १९७६ साली कॅलिफोर्नियात काही टवाळ मंडळींनी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन एका डोंगरउतारावर शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक होता, मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धुरासारखं निघून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या शर्यतीचं नावच त्यामुळे 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. आपले डिस्क ब्रेक त्यापुढे राजेशाही आहेत, पण त्यांचेही लाड करावे लागतात. मी एकदा शर्यतीच्या आदल्या रात्री नवे पॅड बसवले आणि सकाळी तशीच सुटले. पहिल्या उतारावर ब्रेक किंचाळले, पण थांबेनात. नवे पॅड आधी डिस्कवर घासून रुळावे लागतात. बऱ्यापैकी वेग घे, हळूहळू दाबत जवळजवळ थांब, पण चाक अडकू देऊ नकोस. असं वीसेक वेळा. आणि चेनला तेल देताना डिस्कवर थेंब उडू देऊ नकोस, नाहीतर पॅड गेलेच समज.

आता तुझी सायकल. हे पत्र वाचून झालं की उठ, पुढचं चाक काढ आणि कानाशी धरून हलव. आत डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, वाळलंय. ते काही महिन्यांत वाळतंच. मागच्या सीझनला मी हे केलं नाही. पहिल्याच फेरीत काट्याने एवढंसं भोक पडलं, जे सीलंटने दोन सेकंदांत बुजलं असतं, आणि मी अर्धी शर्यत सायकल खांद्यावर घेऊन चालले. घरी टायर सोडला तर आत रबराची वाळकी खपली, कांद्याच्या सालीसारखी निघणारी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये डोंगरातल्या शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचंही चाक पंक्चर झालं, अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला, तरी त्याने सुवर्णपदक आणलं. तो पिडकॉक आहे. आपण सीलंट भरावं.

हवेचंही तेच. तू रस्त्याच्या सवयीने टायर दगडासारखा करतोस. तुझं वजन पासष्ट किलोच्या आसपास, टायर सव्वादोन इंची, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला). तर पुढे वीस-बावीस पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरू कर, मागे दोन जास्त. मग एकेक कमी करत जा. रिमला दगडाचा ठक्क आवाज आला की एक-दोन वाढव. तो तुझा आकडा. फोर्कलाही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दाबल्या जाणाऱ्या दांड्यांनाही, बघ. शर्यतीच्या कपड्यांत, पाण्यासकट सायकलवर बस आणि फोर्कवरची रबरी रिंग किती वर सरकते ते मोज. शंभर मिलिमीटरच्या फोर्कला वीस ते पंचवीस. चेनची झीज मापून घे, ०.५ टक्के दाखवली तर बदल, नाहीतर ती कॅसेटही, म्हणजे मागच्या दातेरी चकत्याही, खाते. मागच्या गिअरचा एक हँगर, म्हणजे गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, पिशवीत टाक. तो मऊ असतो आणि मुद्दामच मऊ असतो, पडल्यावर तो वाकावा, फ्रेम वाकू नये.

आणि ट्रॅक आदल्या दिवशी सायकलवर नाही, आधी चालत बघ. टोकियो ऑलिंपिकमध्ये मॅथ्यू व्हान डर पूलसारखा नावाजलेला डच सायकलपटू एका खडकावरून खाली आपटला, कारण सरावात तिथे असलेला फळीचा उतार शर्यतीच्या वेळी काढलेला होता. म्हणून शर्यतीच्या सकाळी कठीण जागा पुन्हा बघून ये. मी चालताना प्रत्येक वळणापाशी मागे वळून बघते. सायकलवरून न दिसणारी सोपी वाट उलट बाजूने पुष्कळदा दिसते.

सोबत माझं जुनं हवा मोजायचं यंत्र पाठवते आहे. ते एक पीएसआय जास्त दाखवतं, तेवढं वजा कर. नवं घेऊ नकोस, माझी सगळी गणितं त्याच्यावरच झाली आहेत.

पहिल्या शर्यतीत आमची बायकांची तुकडी तुमच्या पाच मिनिटं आधी सुटते. दुसऱ्या फेरीपर्यंत तू मला गाठशीलच. तेव्हा मागून "आई" असं ओरडू नकोस, तिथे निम्म्या बायका मागे वळून बघतील. डावीकडून की उजवीकडून, एवढंच सांग. मी बाजूला होईन.

तुझी,
आई