आयसीयूत घरचा एक माणूस हवा

महोदय,

राजापूर-देवगडाकडून रुग्णासोबत आलेले नातेवाईक आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर दिवस काढतात. भेटीच्या वेळेत पाच जण आळीपाळीने डोकावतात, रुग्णाला त्याचा उपयोग शून्य. त्यापेक्षा घरचा एकच माणूस ठरवून परिचारिकेने त्याला काम शिकवावे.

आधी अंगठ्या-बांगड्या काढून सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद, अंगठे व बोटांच्या बेचक्यांसह चोळायचे. मग रुग्णाला चष्मा लावायचा, कानातले यंत्र घालायचे. वयस्कर रुग्ण रात्री बरळतात, नळ्या ओढतात, ते वेड नव्हे. आजारपणातला भ्रम असतो आणि नीट दिसत नसले, ऐकू येत नसले की तो वाढतो. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे ओळखीच्या आवाजात, घरच्या मालवणीत सांगावे. व्हेंटिलेटरवर बोलता येत नाही, म्हणून हो-नाहीत भागेल असेच विचारावे : "बाबा, पाठ दुखता काय? होय तर माझो हात दाबा."

तोंड सुकले म्हणून चमचाभर शहाळ्याचे पाणी मात्र घालू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. परिचारिकेला विचारून ओल्या कापसाने ओठ पुसावेत. खाटेची उशाकडची बाजू सहसा मुद्दाम 30 ते 45 अंश वर ठेवलेली असते, ती सपाट करू नये. देवाचा अंगारा बंद पुडीत उशाशी ठेवायला आमची हरकत नाही, तोंडात नको.

हे सारे शिकवायला परिचारिकेला वेळ लागतो. एकटीवर तीन-चार खाटा असतील तर तो कुठून काढायचा? रिक्त पदे आधी भरा.

— अतिदक्षता विभागातील काही परिचारिका, रत्नागिरी