मशीन वाचतं, पण जोडायचं कसं?

प्रिय सोनू,

डीएनए वाचणारं मशीन जीनोम, म्हणजे आपला अख्खा डीएनए, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ का वाचत नाही असं तू विचारलंस ना, फोनवर सांगता सांगता अर्धवट राहिलं म्हणून आता नीट लिहितेय. अगं, माणसाच्या जीनोममध्ये 3 अब्जांहून जास्त अक्षरं (ए, सी, जी, टी) आहेत आणि इलुमिना कंपनीचं मशीन एका दमात वाचतं जेमतेम दीडशे. मग काय करतात, डीएनएच्या खूप साऱ्या कॉप्या घेऊन त्यांचे कुठेही, कसेही तुकडे करतात, प्रत्येक जागा सरासरी तीसेक वेळा वाचली जाईल इतके, म्हणजे एखाद्या रीडमध्ये (एका दमात वाचलेल्या तुकड्याला रीड म्हणतात) चूक झाली तरी बाकीच्यांमुळे ती पकडता येते.

आता जोडणी. एक रीड आहे टी-जी-ए-सी-सी-ए-टी, दुसरा सी-सी-ए-टी-जी-जी-ए. पहिल्याची शेपटी आणि दुसऱ्याचं तोंड सेम आहे बघ, सी-सी-ए-टी, म्हणजे दोघं बहुतेक शेजारी. खऱ्या कामात असा ओव्हरलॅप बराच लांब लागतो, चार अक्षरं तर कुठेही जुळतील. असं कोट्यवधी रीड्सचं कॉम्प्युटर करतो आणि लांब सलग पट्टे बनतात, त्यांना कॉन्टिग म्हणतात.

पण खरी गोची पुढे आहे आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. आपला जवळजवळ अर्धा जीनोम रिपीट्सचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. सेंट्रोमिअरमध्ये, म्हणजे क्रोमोसोमच्या चिमटलेल्या भागात, तर 171 अक्षरांचा एकच तुकडा थोड्याफार फरकाने लाखो अक्षरं चालतो, तिथे दीडशे अक्षरांचा रीड नेमका कुठला हे कळणार कसं? म्हणून 2003 मध्ये माणसाचा जीनोम वाचायचा ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट संपला असं जाहीर झालं तरी गॅप्स राहिल्याच, आणि पुढे कितीही सुधारणा झाल्या तरी साधारण 8 टक्के भाग सुटलेलाच होता.

तो भरला 2022 मध्ये. कॅरेन मिगा आणि अ‍ॅडम फिलिपी या शास्त्रज्ञांच्या टीमने लांब रीड्स देणारी मशीन्स घेतली, पॅकबायोचे पंधरा-वीस हजार अक्षरांचे अगदी अचूक रीड्स आणि नॅनोपोरचे लाखभर अक्षरांचे रीड्स एकत्र वापरले. शिवाय पेशी अशा निवडल्या की क्रोमोसोमच्या दोन्ही कॉप्या वडिलांकडच्याच, जवळपास सारख्या, म्हणजे आईची कुठली वडिलांची कुठली हा घोळच नाही, किती विचार केलाय बघ! फक्त त्या पेशींत वाय क्रोमोसोम नव्हता, तो दुसऱ्या माणसाच्या डीएनएवरून 2023 मध्ये पूर्ण झाला.

तुझी आई