काटा नळस्टॉपलाच का चढतो?

अ‍ॅबिंग्डन, इंग्लंड

तीर्थस्वरूप अण्णाकाका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं, एमजीबीचं, तापण्याचं दुखणं वाचलं. नव्या रेडिएटरचे पैसे द्यायच्या आधी जरा थांबा. तुम्हीच लिहिलंय की कात्रजचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडे ताशी ७० नं सलग गेलात तर तापमानाचा काटा मधोमध राहतो, आणि नळस्टॉपच्या सिग्नलला थोडं अडकलं की एचकडे (हॉट, म्हणजे गरम) सरकतो. निम्मं निदान इथंच झालं. रेडिएटर आतून चोंदला असता तर गाडी वेगात आणि घाट चढताना तापली असती. तुमची उभ्या उभ्या तापते, म्हणजे पाणी फिरतंय पण वारा कमी पडतोय. रस्त्यावर वारा फुकट मिळतो, सिग्नलला तो पंख्यानं ओढावा लागतो.

म्हणून पंख्यापासून सुरुवात करा. आधीच्या मालकानं विजेचा पंखा बसवलाय ना? तो चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. पान जाळीला चिकटलं तर ठीक. उडून बाहेर आलं तर वायरी उलट जोडल्यात, पंखा गरम हवा पुढे फेकतोय. वायरींची अदलाबदल केल्यावर पात्यांचा बाकही तपासा, कारण पंखा रेडिएटरच्या पुढे आहे की मागे त्यावर पाती वेगळी असतात. रेडिएटरच्या वरच्या पत्र्यावरची रबराची पट्टी गेली असेल तर बॉनेटखालची गरम हवा वळसा घालून पुन्हा रेडिएटरमध्येच शिरते. आणि रागावू नका, पण जाळीपुढचे ते दोन मोठे दिवे काढाच. फोटोत देखणे दिसतात, पण वारा अडवतात.

तुमचे मिस्त्री थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका म्हणतात, ते मात्र ऐकू नका. नीट उघडणारा थर्मोस्टॅट गाडी तापवत नाही. काढला तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं. शंका असेल तर काकूला विचारून (हे महत्त्वाचं!) एका जुन्या पातेल्यात पाण्यात दोऱ्यानं टांगून पाणी तापवा, सोबत थर्मामीटर. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमारास उघडायला लागेल. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तोवर तो चांगला उघडलेला दिसायला हवा.

उकळण्यावरून आठवलं, रेडिएटरचं झाकण. त्याची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी ११० च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि उकळी लवकर येते. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. आत बोअरचं पाणी भरू नका, क्षार इंजिनच्या ब्लॉकमध्ये थर धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं घाला. भरताना हीटरची झडप उघडी आणि नाक चढावर, म्हणजे हवा अडकणार नाही.

एवढं करूनही काटा चढला तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. ठिणगी उशिरा पडली की जाळ उशिरापर्यंत जळत राहतो आणि उष्णता हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, उतरते. टायमिंग लाइटनं बघून घ्या. स्पार्क प्लग पांढरे फटक असतील तर एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारे) पेट्रोल कमी देतायत. खोबऱ्याच्या करवंटीसारखे तपकिरी हवेत. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर दिसला तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) संशय घ्या.

तुमची गाडी याच गावात बनली. १९६२ ते १९८० इथल्या कारखान्यात एमजीबी बनत होत्या. आता तो कारखाना नाही, पण शेजारच्या आजोबांकडे एक आहे, आणि रविवारी बॉनेट उघडलं की मी तिथंच असते. झाकण आणि वरची रबरपट्टी दिवाळीला येईन तेव्हा घेऊन येते. तोवर चारही प्लगचे फोटो पाठवा, कुठला कितव्या सिलेंडरचा ते लिहून.

काकूला नमस्कार, आणि पातेलं घासून ठेवा.

तुमची,
सई