बाळंतिणीला सल्ला नको, सलग झोप द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नव्या आईवडिलांनी स्वतःसाठी वेळ काढावा’ असे सांगणारे लेख पुरवण्यांतून अधूनमधून येतात. ध्यान करा, डायरी लिहा, छंद जोपासा. हेतू चांगला असतो. पण रात्री चारदा उठणाऱ्या बाईच्या मागे ही आणखी तीन कामे लागतात, आणि जमली नाहीत की ‘मला एवढेही जमत नाही’ हे वर. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मनाला सर्वांत मोठा आधार झोपेचा असतो आणि ती घरातल्यांनी मिळवून द्यायची असते.

नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पिते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा निजवणे यात पाऊण तास सहज जातो. पुढच्या भुकेपर्यंत उरतो दीड तास, त्यातला काही वेळ डोळा लागण्यात. दिवसभराची बेरीज सहा तासांची दिसली, तरी झोपेचे साधारण ९० मिनिटांचे एक चक्रही धड पुरे होत नाही. म्हणून तास नुसते मोजू नयेत, चार-पाच तासांचा एक तरी सलग तुकडा पडतो का ते पाहावे.

त्यासाठी रात्रीच्या पाळ्या लावाव्यात : ९ ते २ एकाची, २ ते ७ दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपावे. बहुतेक घरांत बेत फसतो तो इथेच, कारण शेजारी निजलेली आई बाळाच्या प्रत्येक कुरकुरीला जागी होते. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले तीन-चार आठवडे पूर्ण पाळी सोडता येत नाही. दूध साठून छाती दगडासारखी होते आणि पुढे दूधही कमी होऊ शकते. तोवर दुसऱ्याने बाळ आणून द्यावे, पाजून होताच उचलून न्यावे. ढेकर आणि लंगोट त्याच्याकडे. मोठा दिवा नको, मोबाइल तर नकोच. दूध नीट येऊ लागले की एका वेळचे काढून ठेवावे. ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस टिकते. मात्र फ्रीजच्या दारात ठेवू नये, आत मागच्या बाजूला ठेवावे.

एक प्रश्न आवर्जून विचारावा : बाळ झोपले आहे, त्याच्यापाशी दुसरे कोणी आहे, तेव्हा तुला झोप लागते का? तरीही डोळ्याला डोळा लागत नसेल, तर प्रश्न नुसत्या जागरणाचा उरत नाही.

प्रसूतीनंतर वार (गर्भाचे पोषण करणारा अवयव) पडल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके झपाट्याने उतरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू फुटते, ते बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. पंधरवडा उलटूनही रडे, धास्ती किंवा बधिरपणा राहिला, तर ‘होईल ठीक’ म्हणत बसू नये. प्रसूतीनंतरचे नैराश्य चाचपणारी, १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली यासाठीच आहे. १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. साधारणपणे १३ किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरांना भेटावे. काही ठिकाणी १० पासूनच पुढची विचारपूस करतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आले, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी बोलावे. चुका दोन होतात. उत्तरे गेल्या सात दिवसांची हवीत, ती आजच्या मूडवर दिली जातात. आणि फॉर्म नातेवाइकांच्या देखत भरला जातो. मग सगळेच छान निघते! गरोदरपणातही तो भरता येतो, आणि भरावा. सोबत हिमोग्लोबिन व थायरॉइड तपासून घ्यावे, कारण त्यांचा बिघाड हुबेहूब नैराश्यासारखा दिसू शकतो.

बाळाला काही इजा होईल, आपल्याच हातून होईल, असे नकोसे विचार अनेकींच्या मनात येऊन जातात आणि त्या हादरतात. हादरणे हीच त्यातली आश्वासक खूण. तरी मनात न ठेवता बोलावे. भास, भलते संशय, झोपेची गरजच न वाटणे हे मात्र वेगळे. हजारात एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, असे होते. तेव्हा बाईला बाळासह एकटे सोडू नये, तडक रुग्णालय गाठावे.

बापांकडे कोणी पाहतच नाही. दहातल्या सुमारे एकाला नैराश्य येते, बहुधा बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना, आणि ते रडण्यापेक्षा चिडचिडीतून किंवा कामावरून उशिरा येण्यातून दिसते. रडणारे बाळ असह्य झाले, तर त्याला पाळण्यात पाठीवर निजवून पाच-दहा मिनिटे खोलीबाहेर जावे. बाळाला गदागदा हलवू नये, कधीही नाही.

औषधांविषयी एवढेच : सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी दुधात फार थोडी उतरते. ‘अंगावर पाजतेय’ म्हणून ती मनानेच बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

प्रसूतीनंतर पहिल्या २४ तासांत, ४८ ते ७२ तासांत, ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदान शेवटच्या दोन भेटींत बाळाच्या वजनाबरोबर आईची झोपही विचारली जावी. आणि आपल्या पुरवणीत हा विषय पुन्हा येईल तेव्हा छंदांच्या यादीऐवजी पाळ्यांचा कोरा तक्ता छापावा. कापून फ्रीजवर लावता येईल.

– प्रसूतीकाळातील मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी एक वाचक