मोठा पिस्टन राहू दे

प्रिय शिऱ्या,

सप्रेम नमस्कार.

वाळवंटातल्या रॅलीसाठी तुझ्या क्वाडला (चार चाकांच्या मोटरसायकलला) मोठा पिस्टन टाकू का, असं विचारलंस. नको टाकूस. ताकद वाढली की उष्णता वाढते, पेट्रोलही जास्त लागतं आणि वाळवंटात दोन्ही महागात पडतं. डकार रॅली या लांब पल्ल्याच्या शर्यतीत 2009 ते 2024 क्वाडचा वेगळा गट होता. त्यात बहुतेक वर्षी जिंकली ती यामाहाची रॅप्टर 700: 686 सीसी, एकच सिलिंडर, मागे साधी चेन. तिथे शेवटपर्यंत टिकतो त्याचाच नंबर लागतो.

तुझे पैसे आणि वेळ आधी एअर फिल्टरवर घाल. पीठासारखी बारीक वाळू आत गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. गाडी चालूच राहते, म्हणून कळतही नाही. मग एके दिवशी तेल जळायला लागतं. फिल्टरचा फोम धुऊन पूर्ण वाळव, मग तेल हाताने दाबून मुरव. पिळू नकोस, सांधा उसवतो. रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. फिकट डाग राहिला तर धूळ तिथूनच शिरणार. फिल्टर जिथे टेकतो त्या कडेला ग्रीस लाव. वरून पातळ कापडी टोपी घाल आणि रोज बदल. दिवसाच्या शेवटी फिल्टर काढून पलीकडच्या, इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत पांढरं फडकं फिरव. ते मळकं निघालं तर उद्याचं बाकी सगळं बाजूला ठेवून आधी गळती शोध.

मऊ वाळूत इंजिन बोंबलतं पण गाडी रांगते, त्यामुळे रेडिएटरला वारा मिळत नाही. पंख्याला हँडलवर वेगळं बटण दे. थर्मोस्टॅट तो आपोआप सुरू करेल याची वाट बघत बसू नकोस.

पेट्रोलची मूळ टाकी साधारण 11 लिटरची, ती पुरणार नाही. जादा टाक्या शक्य तितक्या खाली आणि मध्याजवळ बसव. मागे बसवाव्याच लागल्या तर आधी त्यांतलं पेट्रोल वापरून संपव, नाहीतर चढावर पुढची चाकं हलकी होतात. सस्पेन्शन लावताना टाक्या भरलेल्या, पाणी आणि हत्यारं लादलेली, आणि वर तू बसलेला हवास. रिकाम्या गाडीवर लावलेलं सेटिंग काही कामाचं नाही. (तुझं वजन वाढलंय म्हणे, तेही धर.)

फूटरेस्टचे जोड आणि स्टिअरिंगचा दांडा मजबूत करून घे. खाली जाड स्किड प्लेट (गाडीचं पोट वाचवणारा पत्रा) लाव.

अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलने (वेग देण्याच्या खटक्याने) लांब पल्ल्यात अंगठ्याला गोळे येतात. म्हणून काही जण मोटरसायकलसारखा फिरवायचा थ्रॉटल बसवतात. मला तो पटत नाही: खडबडीत जागी हँडल घट्ट धरलं की मनगट आपोआप वळतं आणि नको तेव्हा गाडी पळते. त्यापेक्षा स्प्रिंग हलकी कर. आणि किल स्विचची (पडलास तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी अंगाला न बांधता गाडीवर बसायचंच नाही, अगदी अंगणातसुद्धा.

रोडबुक (वाटेच्या खुणांची गुंडाळी दाखवणारं यंत्र), जीपीएस, पंखा, दिवे यांच्या वॅटची बेरीज करून स्टेटर (इंजिनातला वीज बनवणारा भाग) तेवढी वीज देतो का बघ. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणली जातेय का, तेही तपास. टेप गुंडाळायच्या आधी एक फोटो पाठव, मी नजर टाकतो.

तुझा,
मंग्या