न्यूटन दोनदा जन्मला!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या (४ जानेवारी) 'दिनविशेष'मध्ये न्यूटनचा जन्म झाला. त्याआधी दहाच दिवस, २५ डिसेंबरला, तो याच सदरात जन्मला होता. बाळ-बाळंतीण सुखरूप असतील अशी आशा करतो.

दोन्ही तारखा बरोबर आहेत, हीच तर गोची. इंग्लंडमध्ये तेव्हा ज्युलियन कालगणना होती. तिच्यानुसार (जुनी पद्धत) २५ डिसेंबर १६४२, तर आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियननुसार (नवी पद्धत) ४ जानेवारी १६४३. दिवस एकच. पण तारखेपुढे 'जुनी' किंवा 'नवी' एवढा एक शब्द घालायला जागा किती लागते?

आता ८ तारखेला गॅलिलिओची पुण्यतिथी. 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला' हे लाडके वाक्य छापण्याआधी कृपया बोटे मोजा. नव्या पद्धतीने गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ ला गेला, न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला जन्मला. जुन्या पद्धतीने २९ डिसेंबर १६४१ आणि २५ डिसेंबर १६४२. साल कुठेच जुळत नाही! ते जुळवायचे तर एकाची तारीख नवी आणि दुसऱ्याची जुनी घ्यावी लागते.

हिशेब अवघड नाही. जुन्या तारखेत १५८२ पासून फेब्रुवारी १७०० अखेरपर्यंत १० दिवस मिळवायचे. १७००, १८०० आणि १९०० ही ज्युलियनमध्ये लीप वर्षे, ग्रेगोरियनमध्ये नाहीत. म्हणून त्या प्रत्येक फेब्रुवारीनंतर फरक एकेका दिवसाने वाढत १३ वर जातो. २५ ऑक्टोबर १९१७ ची रशियन क्रांती ७ नोव्हेंबरला येते ती यामुळेच. मात्र आधी त्या त्या देशाने नवी कालगणना कधी स्वीकारली ते पाहावे: इटली १५८२, ब्रिटन १७५२, रशिया १९१८.

मार्चमध्ये आणखी एक खड्डा आहे. इंग्लंडचे जुने वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे न्यूटनच्या समाधीवर मृत्यूची तारीख २० मार्च १७२६ कोरलेली आहे. आपल्या हिशेबाने ते ३१ मार्च १७२७. तिथले साल जसेच्या तसे उचललेत, तर ८४ वर्षांचा न्यूटन ८३ व्या वर्षीच जाईल.

जाता जाता: आर्मस्ट्राँगचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा अमेरिकेत २० जुलैची रात्र होती, पण जागतिक प्रमाणवेळेनुसार २१ जुलैचे पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटे झाली होती. जुलैत निदान वेळ तरी छापा.

आपला,
एक वाचक